पासपोर्ट नको, पण कागद हवाच

सुट्टीत नेपाळला जायचं ठरलं की सातारा-सांगलीकडं हमखास ऐकू येतं, "तिकडं पासपोर्ट लागत नाही, आधार आहे की!"

घोळ इथंच होतो. नेपाळला जाणाऱ्या मोठ्या माणसाकडं पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार चालतं ते १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना. १५ ते १८ वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला चालतो. भूतानला लहान मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला लागतो. श्रीलंकेला मात्र पासपोर्टच.

म्हणजे मुलांच्या बाबतीत बरंच काही शाळेच्या दप्तरावर येऊन थांबतं. माझं स्पष्ट मत आहे की या प्रवासाची तयारी पहिलीच्या प्रवेशालाच सुरू होते. खानापूर, आटपाडी, खटाव, माण भागातली कितीतरी कुटुंबं गलाई व्यवसायासाठी परराज्यात आहेत. मुलांच्या शाळा बदलतात, तसं नावाचं स्पेलिंगही बदलतं. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि जनरल रजिस्टरला तिसरंच. दहावीनंतर ही दुरुस्ती करायची म्हणजे हेलपाटे ठरलेलेच.

म्हणून प्रवेशाच्या दिवशीच तिन्ही कागद शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख ताडून पाहूया. पालकांनीही "नंतर बघू" म्हणू नये. आणि नकाशात शेजारी देश शिकवताना तिथं जायला काय लागतं, तेही मुलांना सांगूया. भूगोल मग नुसता पाठ करायचा विषय राहणार नाही.