मैदान सरकवायचं की वेळ?

गॅदरिंग संपून आठवडा झाला. मांडववाला बांबू घेऊन गेला, स्पीकरवाला स्पीकर घेऊन गेला, खड्डे मात्र आपल्याला ठेवून गेले. मी मोजले. नुसत्या होस्टेलच्या बाजूला सत्तेचाळीस! त्यातल्याच एकात परवा फर्स्ट इयरच्या एका पोराचा पाय गेला आणि घोटा टम्म सुजला. आता तो ओरलला लंगडत जाणार.

त्या रात्री मेसमध्ये जी जुंपली, ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. क्रिकेटवाले म्हणाले, फुटबॉलवाल्यांनी स्टड घालून पिच उकरली. फुटबॉलवाले म्हणाले, तुमच्या रोलरनं मैदानाचा मधला भाग सिमेंट झालाय, पडलं की गुडघे फुटतात. मग दोघांनी मिळून कल्चरल कमिटीला धुतलं. पोळ्या संपल्या तरी वाद काही संपेना. तेवढ्यात सेकंड इयरचा एक मेकॅनिकलवाला म्हणाला, "दादा, परदेशात आख्खं मैदान चाकांवर असतं. आत-बाहेर करतात. आपण का नाही करत?"

सगळे हसले. मी नाही हसलो. कारण मागच्या सेमला माझ्या सेमिनारचा विषय हाच होता! तेव्हा वीस मिनिटांत जे गुंडाळलं, ते आज जरा निवांत सांगतो.

मूळ अडचण अगदी साधी आहे. गवताला ऊन, वारा, पाणी आणि विश्रांती लागते. स्टेडियमच्या मालकाला छप्पर लागतं, गाण्यांचे कार्यक्रम लागतात आणि रोजचं भाडं लागतं. दोघांचं जमणार कसं? नेदरलँड्समधल्या आर्नहेम शहरात 1998 मध्ये त्यावर तोडगा निघाला. मैदान एका भल्यामोठ्या ट्रेमध्ये वाढवायचं, सामना नसेल तेव्हा ट्रे सरकवून उन्हात ठेवायचा आणि आतल्या मोकळ्या फरशीवर हवा तो कार्यक्रम करायचा. 2001 मध्ये जर्मनीत गेल्सेनकिर्शनला असंच मैदान झालं, वजन सुमारे 11,000 टन. त्याच वर्षी जपानमध्ये साप्पोरो डोम उघडला. तिथलं फुटबॉलचं मैदान 8,300 टनांचं. ते हवेच्या दाबानं साडेसात सेंटीमीटर उचलतात आणि मिनिटाला चार मीटर या वेगानं चाकांवरून आत आणतात. अमेरिकेत ग्लेनडेलला 2006 पासून 546 चाकं आणि 13 रूळ वापरून हेच चालतं. लंडनच्या टॉटनहॅमच्या स्टेडियमात (2019) मैदानाचे तीन तुकडे होऊन एका स्टँडखाली जातात आणि त्याखाली अमेरिकन फुटबॉलचं वेगळं कृत्रिम मैदान निघतं. माद्रिदच्या बर्नाबेऊत तर गवताच्या पट्ट्या जमिनीखालच्या तळघरात उतरतात!

हे आकडे ऐकून कुणाला वाटेल, फेकतोय. तर कॅल्क्युलेटर घ्या. फुटबॉलचं मैदान कडेच्या जागेसकट 120 बाय 80 मीटर धरा. मातीचा थर अर्धा मीटर. झाले 4,800 घनमीटर. ओल्या मातीचा घनमीटर 1.8 टनाला धरला तर 8,640 टन. म्हणजे साप्पोरोच्या आकड्याच्या जवळपास आलो की नाही? नुसती माती एवढी, लोखंड वेगळंच. शिवाय ते बाहेर काढून ठेवायला शेजारी तेवढीच मोकळी जागा हवी. ज्याच्याकडे शेजारी तेवढी मोकळी जागा आहे, त्यानं तिथं सरळ दुसरं मैदान का करू नये, हा प्रश्न मला सेमिनारमध्ये गाइडनी विचारला होता. मी "सर, रेफर करून सांगतो" म्हणालो होतो. आज सांगतो. छपराखालचं मैदान महाग असतं, ते रिकामं ठेवणं परवडत नाही. भाड्यानं येणारे कार्यक्रम भरपूर असतील तरच हा खेळ जमतो. आणि यंत्र आलं म्हणून सगळं सुटतं असंही नाही. साप्पोरो डोममध्ये 2004 पासून खेळणारा बेसबॉलचा मुख्य संघ 2022 च्या हंगामानंतर स्वतःच्या नव्या स्टेडियमात निघून गेला. बर्नाबेऊत गवत तळघरात गेलं, पण गाण्यांचा आवाज कुठे जाणार? शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे 2024 मध्ये तिथले कार्यक्रम थांबवावे लागले.

आता क्रिकेट. आपल्या लोकांना खरा रस त्यातच! सत्तर मीटर त्रिज्येचं मैदान धरलं, तर त्याच हिशोबानं माती जवळजवळ 14,000 टन भरते. म्हणून क्रिकेटवाल्यांनी मैदान सरकवायचा नाद न करता फक्त बावीस यार्डांची पट्टी उचलली. 1977 मध्ये केरी पॅकरच्या वर्ल्ड सीरिज क्रिकेटला नेहमीची मैदानं मिळेनात, तेव्हा जॉन मेली या क्युरेटरनं ट्रेमध्ये खेळपट्ट्या वाढवल्या आणि मेलबर्नच्या एका फुटबॉल मैदानात नेऊन बसवल्या. अशी पट्टी 25 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 20 सेंटीमीटर जाड धरली तर 27 टन होते. क्रेनच्या आवाक्यातली गोष्ट. 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी फ्लोरिडात वाढवलेल्या पट्ट्या ट्रकनं न्यूयॉर्कला नेल्या. तिथं 9 जूनला आपण 119 वर ऑल आऊट होऊनही पाकिस्तानला सहा धावांनी हरवलं. स्पर्धेतले तिथले सामने संपल्यावर ते तात्पुरतं स्टेडियम उतरवूनही टाकलं.

लांब कशाला, आपल्या मावळातच बघा. एक्सप्रेसवेनं पुण्याला जाताना गहुंज्याचं स्टेडियम दिसतं. हॉपकिन्स या लंडनच्या आर्किटेक्टनी केलेलं, सुमारे 37,000 प्रेक्षकांचं, 2012 मध्ये सुरू झालेलं. तिथं काही सरकत नाही. एकच खेळ, क्रिकेट. 2023 च्या विश्वचषकाचे पाच सामने तिथं झाले. पण आंतरराष्ट्रीय सामन्यांचे दिवस वर्षाला बोटांवर मोजावेत इतकेच. गवताला पाणी मात्र बारा महिने लागतं. एप्रिल 2018 मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे आयपीएल सामने गहुंज्याला आले, तेव्हा पवनेचं पाणी स्टेडियमला देऊ नका, असं मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं. सामने झाले. पण मैदान म्हणजे नुसतं गवत नाही, त्यामागे कुणाच्या तरी वाट्याचं पाणी असतं, एवढं त्यातून कळलं.

गहुंज्याची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फेब्रुवारी 2017 मध्ये तिथली पहिली कसोटी झाली. ऑस्ट्रेलियाच्या ओ'कीफनं बारा विकेट काढल्या, आपण 333 धावांनी हरलो आणि आयसीसीनं खेळपट्टीला "खराब" असा शेरा दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेलबर्नच्या अ‍ॅशेस कसोटीत पाच दिवसांत निकालच लागला नाही, आणि तिथल्या खेळपट्टीलाही तोच शेरा मिळाला. गहुंज्याची पट्टी जमिनीतली, मेलबर्नची बाहेर वाढवून क्रेननं आत बसवलेली. शेरा एकच! म्हणजे पट्टी जागच्या जागी आहे की सरकती आहे, यानं काही ठरत नाही. ती कशी राखली, यानं ठरतं.

माझं गाव कामशेतच्या पलीकडे, नाणे मावळात. स्टेडियम मी टीव्हीवर पाहिलं, पण क्रिकेट शिकलो ते आमच्या तात्यांच्या, म्हणजे चुलत्यांच्या भाताच्या खाचरात. दिवाळीच्या पुढेमागे इंद्रायणी कापून झाला की खाचर मोकळं. आम्ही पोरं धसकटं उपटायचो, दोन घागरी पाणी मारायचो, ड्रममध्ये दगड भरून फिरवायचो. झाली पिच! बांध ही बाउंड्री. जानेवारीत तिथं टेनिस बॉलच्या टुर्नामेंट, गावच्या जत्रेला एका कोपऱ्यात कुस्त्या, लग्नसराईत पंगती, आणि जूनपासून परत भात. एका जागेचे चार उपयोग आणि ना रूळ, ना मोटर.

हे चालायचं कारण तात्यांचा नियम. "रोहिणी लागायच्या आत स्टंप उपटायचे. आणि जमीन जशी दिली तशी परत द्यायची." फायनल राहिली असली तरी मे महिन्याच्या वीस तारखेला खेळ बंद. टुर्नामेंटवाल्यांनी मांडवाला खड्डे घेतले तर बुजवूनच घरी जायचं, नाहीतर पुढच्या वर्षी खाचर नाही. सगळे ऐकायचे, कारण नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होता आणि तो तात्यांच्या स्वतःच्या पोरालाही लागू होता.

तात्यांच्या शेजारचं खाचर दोन वर्षांपूर्वी विकलं गेलं. तारेचं कंपाऊंड पडलं, प्लॉटचे दगड रोवले गेले. आता तिथं ना भात, ना क्रिकेट. त्या बाजूच्या पोरांच्या मॅचेस आता रस्त्याच्या कडेला होतात, आणि प्रत्येक चौकाराला एक जण गाड्या बघायला उभा राहतो. आपल्या कॉलेजचं मैदान कसंही असलं तरी ते आहे, ही किती मोठी चैन आहे हे मला तिथं गेल्यावर कळतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. इथं ट्रेसाठी खड्डा खणला तर फुटबॉल नाही, वॉटरपोलो खेळावा लागेल! तेव्हा आपलं मैदान सरकणार नाही. सरकवता येते ती फक्त वेळ. आणि वेळेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग आला तरी चालेल.

नव्या मुंबईत नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. तिथं 2022 मध्ये मुलींच्या सतरा वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकाची फायनल झाली, जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले आणि 2 नोव्हेंबर 2025 ला भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. मैदान एकच, आणि तेही न सरकणारं. त्या रात्री आपल्या होस्टेलमध्ये कोण आनंदानं नाचलं नाही? आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलींच्या होस्टेलच्या सहा जणी बॅट घेऊन मैदानावर आल्या, तेव्हा आपण काय केलं? "थांबा जरा, ही मॅच संपू दे." मॅच संपली पावणेसातला. त्यांचं गेट सातला बंद होतं. त्या परत गेल्या. बॉलिंग करणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हे लिहितोय.

क्रिकेट की फुटबॉल, यावर आपण मेसमध्ये तास घालवतो. पण दोन्ही बाजूंना आपणच असतो. मैदानावर ज्यांना पायच ठेवता येत नाही, त्या वादातही नसतात.

म्हणून जिमखाना कमिटीपुढे, रेक्टर सरांपुढे आणि तुम्हा सगळ्यांपुढे चार सूचना ठेवतो. एक, जून ते सप्टेंबर मधल्या पट्टीवर जाड ताडपत्री, आणि फुटबॉल रस्त्याकडच्या अर्ध्या भागात. ऑक्टोबरनंतर दोन्ही खेळांना वार वाटून द्यायचे. दोन, आठवड्यातले तीन दिवस साडेचार ते साडेसहा मैदान मुलींचं. "रिकामं असेल तर घ्या" असं नाही, त्यांचंच. त्या दिवशी आपली फायनल असली तरी! तीन, गॅदरिंगचा मांडव पार्किंगच्या बाजूला. तिथं जमत नसेल तर मांडववाल्याचं शेवटचं बिल खड्डे मुरूम टाकून, धुमस करून बुजवल्यावरच द्यायचं. चार, डोंगराच्या बाजूनं एक चर. त्याचं लेव्हलिंग आम्ही सिव्हिलवाले सर्व्हेच्या प्रॅक्टिकलमध्ये करून देऊ. नाहीतरी दरवर्षी त्याच त्या पार्किंगचं काँटूर काढून कंटाळा आलाय.

यात खर्च आहे तो मुरमाचा, एका ताडपत्रीचा आणि नोटीस बोर्डावरच्या एका कागदाचा. अवघड आहे ते वेगळंच. साडेचार वाजले की हातातला खेळ टाकून बाजूला व्हायचं. 8,300 टन सरकवायला हवेचा दाब पुरतो. आपण बावीस जण सरकायला काय लागतं, ते येत्या सोमवारी साडेचारला मैदानावर कळेल. मी बॅट घेऊन येणार नाहीये, घमेलं-फावडं घेऊन येणार आहे. खड्डे अजून सत्तेचाळीसच आहेत. पटलं तर या, नाही पटलं तरी भांडायला या!