आधी हात, मग पाणी

आपल्या व्यवसायात बोलण्याचा आरंभ रुग्णवृत्तांताने करण्याची प्रथा आहे. ती मोडू नये म्हणून मीही एक वृत्तांत सादर करतो. रुग्ण : अडेनियम. वय : अंदाजे सहा वर्षे. निवास : पर्वत पाटिया येथील आमच्या सदनिकेची पश्चिमेकडील खिडकी. पूर्ववृत्त : ऐन आषाढात कुंडी बदलली, त्या वेळी काही मुळे तुटली. तक्रार : बुंधा मऊ पडला, पाने पिवळी होऊन गळू लागली. उपचार : रोज सकाळी पाणी. परिणाम : आठवड्याच्या आत बुंध्याला दुर्गंधी आणि मृत्यू. उपचार करणारा प्रस्तुत लेखकच असल्यामुळे या मृत्यूची जबाबदारी अन्य कोणावर टाकता येत नाही.

बाह्यरुग्ण विभागात नवशिक्याने केली असती तर ज्यावर मी रागावलो असतो, नेमकी तीच चूक माझ्या हातून घडली होती. लक्षण पाहिले, कारण शोधले नाही आणि उपचार मात्र तत्परतेने सुरू केला.

अलीकडे सत्कारसमारंभांत पुष्पगुच्छाऐवजी रोप देण्याची स्तुत्य पद्धत रूढ झाली आहे. फुगीर बुंध्याचे, गुलाबी फुलांचे अडेनियम त्यासाठी अनेकांच्या पसंतीस उतरते. परंतु त्यांतील कितीतरी रोपे पहिला पावसाळाही ओलांडत नाहीत, असा माझा अनुभव आहे. आपण रोप देतो, पण त्याचा स्वभाव सांगत नाही. मला या विषयावर लिहावेसे वाटले ते यासाठीच.

हे झाड मूळचे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील पट्ट्यातले, पूर्व आफ्रिकेतले आणि अरबस्तानातले. तेथे पाऊस थोडे दिवस येतो आणि दीर्घकाळ रजा घेतो. म्हणून या झाडाने बुंध्याचीच टाकी केली. मादागास्करचे पॅचिपोडियम, मेक्सिकोचा पोनीटेल पाम आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वाढलेली आफ्रिकेची गोरखचिंच हे सारे याच वृत्तीचे. सर्वांचे कूळ एक नव्हे, पण युक्ती एकच. मिळेल तेव्हा साठवायचे आणि नसेल तेव्हा पुरवून वापरायचे.

अशा झाडाला आपण सुरतेत आणतो. येथे वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. पर्वत पाटियाच्या नावात पर्वत असला तरी जमीन सपाट आहे. मिठी खाडी भरली की पाणी कोठवर येते आणि उतरायला किती वेळ घेते, हे येथील रहिवाशांना सांगावे लागत नाही. २००६च्या ऑगस्टमधील तापीचा महापूर तर कोणी सुरतकर विसरणार नाही. कुंडीत पाणी साठून राहते तेव्हा मुळांवर तोच प्रसंग ओढवतो. मातीतील हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशीला मोकळे रान मिळते.

आता मुख्य मुद्दा. बुंधा मऊ पडणे हे एकच लक्षण दोन परस्परविरुद्ध विकारांत दिसते. तहानेने मऊ पडलेला बुंधा सर्व बाजूंनी सारखाच दबतो, साल सुरकुतते, कुंडीतली माती खोलवर कोरडी असते आणि भरपूर पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांत तो पुन्हा टणक होतो. कुजण्याने आलेला मऊपणा एका जागी असतो, बहुधा तळाशी किंवा जखमेपाशी. तेथे रंग काळपट होतो, बोट आत जाते, वास येतो आणि माती ओली असते. पहिल्यात पाणी हे औषध आहे, दुसऱ्यात विष. रक्तदाब उतरलेल्या प्रत्येक रुग्णाला आपण डोळे झाकून सलाइन लावत नाही. जुलाबाने शोष पडलेल्याला ते तारते आणि हृदय थकलेल्याला बुडवते. मग झाडाच्या बाबतीतच आपण स्पर्श, वास आणि माती यांची तपासणी का वगळतो?

कुज आढळल्यास धीर सोडू नये. झाड उपटून माती झटकावी, निर्जंतुक धारदार सुरीने निरोगी, स्वच्छ गर दिसेपर्यंत कुजका भाग काढावा, बुरशीनाशक पूड लावावी आणि जखम पूर्ण सुकेपर्यंत झाड सावलीत कोरडे ठेवावे. आपल्यातील शल्यविशारदांना हे तत्त्व नवे नाही.

कुंडी बदलण्याचा योग्य काळ म्हणजे थंडी सरतानाचा, फाल्गुन-चैत्राचा. झाड तेव्हा वाढीला लागते आणि पावसाळ्यापूर्वी जखमा भरून येण्यास अवधी मिळतो. कुंडी मातीची, पसरट आणि तळाला भोक असलेली घ्यावी. जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडे कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. ते लावताना कोरडेच असावे. तुटलेली मुळे साफ कापून झाड काही दिवस सावलीत सुकवावे, मग लावावे. लावताना बुंधा पूर्वीपेक्षा किंचित वर ठेवल्यास फुगलेली मुळे दिसू लागतात आणि झाडाला डौल येतो. त्यानंतर साधारण आठवडाभर पाणी देऊ नये. या काळात बुंधा थोडा मऊ पडेल, कारण झाड साठ्यावर जगत असते. घाबरून पाणी देण्याचा मोह होतो तो याच वेळी. जखमी मुळांना ते पिता येत नाही. माझे झाड याच मोहाला बळी पडले.

आणखी दोन सूचना वैद्यकीय नात्याने. अडेनियम हे कण्हेरीच्या कुळातले आहे. त्याच्या चिकात डिजॉक्सिनसारखी हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स असतात आणि आफ्रिकेत तो बाणांना लावण्यासाठी वापरला गेला आहे. छाटणी हातमोजे घालून करावी, हात धुवावेत आणि झाड लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. दुसरे असे, की कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास तेथेच अंडी घालतो आणि त्याचे परिणाम आपल्याच दवाखान्यात येतात.

या झाडाकडे दुर्लक्ष केले तरी चालते, असे विक्रेते सांगतात. मला हे मान्य नाही. पाणी न देणे आणि लक्ष न देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या झाडाला रोजचे पाणी नको, पण चार-सहा तासांचे ऊन हवे आणि आठवड्यातून एकदा बोटाने केलेली तपासणी हवी. वातानुकूलित दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ते फुलणार नाही, उन्हाच्या खिडकीत मात्र अवश्य फुलेल. ‘डॉक्टर, एक बाटली चढवून द्या’ असा आग्रह धरणाऱ्या रुग्णाला आपण रोज समजावतो, की गरज नसताना दिलेला उपचार म्हणजे काळजी नव्हे. तो उपदेश आपल्या खिडकीतही लागू पडतो.

म्हणून सभासद बंधु-भगिनींना एक विनंती. यापुढे सत्कारात रोप द्यायचे झाल्यास सोबत चिठ्ठीही द्यावी. मजकूर मी सुचवतो : ‘ऊन रोज. पाणी माती पूर्ण सुकल्यावरच, पावसाळ्यात आणि थंडीत त्याहून कमी. बुंधा मऊ वाटल्यास आधी हात लावून पाहावे, मग ठरवावे. चीक विषारी आहे.’ आपल्या नेहमीच्या चिठ्ठीपेक्षा हिचे अक्षर तेवढे वाचता येईल असे असावे.