बाळंतिणीचा एकान्त

ईश्वर जीवाला कसा तारतो, या प्रश्नाचा विचार करताना श्रीवैष्णव आचार्यांनी दोन मातांचे दृष्टान्त पुढे ठेवले आणि त्यांवरून त्या संप्रदायाच्या दोन शाखांत दीर्घकाळ वाद चालला, हे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांस विदित आहे. वडकलै शाखेने मर्कटकिशोरन्याय स्वीकारला: वानरीचे पोर आपल्या हातांनी आईच्या पोटाला बिलगते, तसा तरून जाण्यासाठी जीवालाही काही प्रयत्न करावा लागतो. तेंकलै शाखेने मार्जारकिशोरन्याय मानला: मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला मानेला धरून उचलते आणि इष्ट स्थळी नेते. या दुसऱ्या दृष्टान्तामागचे निरीक्षण अचूक आहे, कारण मानेवरची सैल कातडी आईच्या दातांत येताच पिल्लाचे सारे अंग शिथिल होते, मागचे पाय व शेपटी पोटाशी आवळली जातात आणि ते मुकाट्याने लोंबकळत राहते. परंतु पिल्लाची ही निश्चिंतता ज्या प्रेमाने न्याहाळली गेली, त्या प्रेमाने ते ओझे वाहणाऱ्या मातेची अवस्था कोणी न्याहाळल्याचे दिसत नाही, आणि यंदाच्या आषाढापासून ही उणीव माझ्या मनाला फार लागून राहिली आहे.

त्याला कारण आमच्या रत्नागिरीच्या घरातील मनी. वय वर्षाच्या आतले, पहिलटकरीण, बाहेर अहोरात्र लागलेला पाऊस, झालेल्या पिल्लांपैकी जगलेले एकच, आणि मांजर व्याल्याची वार्ता आळीभर पसरल्यामुळे ओटीपासून माजघरापर्यंत शेजारच्या मुलांची अखंड ये-जा, अशा स्थितीत तिने त्या पिल्लाला तांदळाच्या कणगीमागून माळ्यावर नेले, माळ्यावरून देवघराच्या कोनाड्यात आणले आणि तेथून पडवीतल्या सरपणाच्या ढिगात हलवले. एका जागी मुक्काम पडतो न पडतो तोच पुढची रवानगी. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या, पुढ्यातल्या माशाला ती तोंड लावीत नव्हती, आणि पिल्लाशेजारी आडवी होते न होते तोच कान टवकारून पुन्हा उठत होती.

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात, आणि पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी तोच दाखला देऊन तिच्या या वणवणीची वासलात लावली. परंतु मांजरी काही शिरस्ता पाळायचा म्हणून घरे बदलीत नाही. जागा ओली झाली, पिसवा झाल्या, बोक्याचा वास आला किंवा माणसांची वर्दळ असह्य झाली की ती निघते. आणि परका बोका पिल्ले मारतो हे आळीतल्या प्रत्येकास जसे ठाऊक आहे तसेच प्राणिशास्त्रासही मान्य आहे. ज्या भयाला खरे कारण आहे त्याला खोड समजणे हा त्या मुक्या जीवावर अन्याय आहे.

या धावपळीतच एका संध्याकाळी ते पिल्लू सरपणाजवळच्या ओल्या जमिनीवर निपचित पडलेले सापडले. हाताला ते गार लागत होतेच, पण तोंडात करंगळीचे टोक घालून पाहिले तर जीभही गार. त्याला चार थेंब दूध पाजा, असे जमलेल्यांपैकी प्रत्येक जण कळवळून सांगू लागला, आणि त्या क्षणी याहून घातक दुसरे काही करता आले नसते. नवजात पिल्लाला स्वतःच्या देहाची उष्णता राखता येत नाही, त्याला थंडीने कुडकुडताही येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याचे तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे मोठ्या मांजरापेक्षा कमीच असते. ते आणखी उतरले की आतड्यांचे काम थंडावते, मग पोटात गेलेले दूध पचत नाही, आणि गिळण्याचे त्राण नसल्याने त्यातले काही श्वासनलिकेत उतरते. म्हणून आधी ऊब आणि मग अन्न, हा क्रम मोडण्याची मुभा कोणालाच नाही. माझ्या पत्नीने त्याला कोरड्या सुती फडक्यात घेऊन छातीशी धरले, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी शेजारी ठेवली, आणि ते चुळबुळू लागेपर्यंत कोणाचेही ऐकले नाही. ऊबही सावकाश द्यावी लागते. घाईने तापवलेले पिल्लू दगावण्याचा संभव असतो.

आई दुरावलीच तर वरचे दूध द्यावे लागते, पण तेही गाईचे नव्हे. त्यात प्रथिने शेकड्याला साडेतीनच्या आत, तर मांजरीच्या दुधात त्याच्या दुपटीच्या आसपास. शिवाय गाईच्या दुधाने पिल्लाला हगवण लागते. मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची भुकटी मिळते, ती कोमट पाण्यात कालवून पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, द्यावी लागते, आणि ती देताना पिल्लू पालथे, आईला लुचताना असते तसेच, धरावे लागते. मानवी अर्भकाप्रमाणे त्याला उताणे धरून पाजणे म्हणजे त्याच्या फुप्फुसांत दूध ओतणे होय.

आमच्यावर ती वेळ आली नाही, याचे सर्व श्रेय माझ्या आत्याचे. घराण्यातील कित्येक बाळंतपणे तिच्या हाताखालून गेलेली. पडवीत येऊन तिने एकवार मनीकडे पाहिले आणि म्हणाली, "अरे, बाळंतीण आहे ती. तिच्याभोवती ही जत्रा कसली भरवलीत? उठा, बाहेर व्हा सगळे, आणि तू ते दार लोटून घे." जुन्या घरांतून बाळंतिणीची खोली जशी अंधारी, निवाऱ्याची, ऊबदार आणि परक्यांस मज्जाव असलेली असे, तसाच बंदोबस्त तिने माजघरामागच्या कोठीच्या खोलीत करविला. एक मोठा हारा आडवा करून त्यात जुने लुगडे अंथरले. त्याच्या एकाच बाजूला शेक राहील अशी तजवीज केली, म्हणजे पिल्लाला फार उष्ण वाटले तर दुसऱ्या बाजूला सरकता यावे. जवळ पाणी, उकडून काटे काढलेला बांगडा, दूर कोपऱ्यात मातीचे घमेले. आणि आत जाण्याची परवानगी एकट्या माझ्या पत्नीस, कारण मनीचा तिच्यावर विश्वास होता. सहाव्या दिवशी आत्याने दाराशी एक निरांजन लावले. षष्ठीदेवीचे, आपल्या सटवाईचे, वाहन मांजर आहे. नवजात बालकांची राखण करणाऱ्या देवतेने हेच वाहन पसंत केले, यात मला पूर्वजांची फार सूक्ष्म दृष्टी दिसते.

दार लोटल्यानंतर जे घडले ते शरीरशास्त्राच्या नियमांना धरूनच होते. पिल्लू लुचू लागले की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते आणि त्याच्या योगे स्तनांत साठलेले दूध सुटते. परंतु भयाच्या वेळी देहात उसळणारे अॅड्रेनॅलिन या क्रियेच्या आड येते, आणि मग स्तन भरलेले असूनही पिल्लू उपाशी राहते. म्हणजे मनीची शांतता हेच त्या पिल्लाचे अन्न होते. ती शांतता विकत आणता येत नव्हती, चमच्याने पाजता येत नव्हती, केवळ आम्ही दूर राहून तिला मिळू देणे शक्य होते. ती प्रथमच पाय पसरून कुशीवर झाली, पिल्लाला पंजाने जवळ ओढले आणि आपादमस्तक चाटू लागली. हे चाटणे निव्वळ लाडाचे नसते. सुमारे तीन आठवडे पिल्लाला आपण होऊन मलमूत्रविसर्जन करता येत नाही, आईच्या जिभेच्या स्पर्शानेच ते होते. पहिल्या दिवशीचा चीक तर माणसाला करताच येत नाही: त्यातील रोगप्रतिकारक द्रव्ये पिल्लाच्या आतड्यांना जन्मानंतर जेमतेम सोळा तासांपर्यंत शोषता येतात, त्यानंतर ती वाट बंद होते.

अंथरलेले लुगडे दुसऱ्याच दिवशी धुवायला काढण्याचा आग्रह घरात झाला, तोही आत्याने मोडून काढला, आणि तिला ठाऊक नसले तरी तिच्या बाजूने साक्ष देणारे शास्त्रज्ञ आहेत. रोझेनब्लॅट, टर्क्विट्झ आणि श्नायरला यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवून दिले, की डोळे मिटलेले पिल्लू आपल्या पेटीत थोडे दूर ठेवले तरी जमिनीच्या वासाच्या आधाराने आपल्या बिछान्याकडे सरपटत परत येते. डोळे उघडायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर वास हेच त्याचे घर. तेव्हा ओले झालेले तेवढे बदलावे, सगळे एकदम उपसू नये.

पिल्लाला हात लावला की मांजर त्याला टाकते, ही समजूत मात्र सरसकट खरी नाही. ओळखीच्या हाताचे तिला वावडे नसते, गोंगाटाचे असते. पत्नी रोज एकदा, मनी खाण्यात गुंतलेली असताना, त्याला स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवून वजन वहीत मांडीत असे. जन्मतः सुमारे १०० ग्रॅम आणि मग दररोज १० ते १५ ग्रॅमची भर, असा हिशेब लागत असेल तर आईच्या कारभारात ढवळाढवळ करण्याचे प्रयोजन नाही. वजन घटले तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

एका बाबतीत आत्याचे म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. एकान्त दिल्यानंतरही जी माता धापा टाकते, थरथरते, लटपटत चालते, तिची अस्वस्थता मनाची नसून रक्तातील कॅल्शियम उतरल्याची असू शकते. पाजण्याच्या पहिल्या काही आठवड्यांत हा विकार होतो आणि काही तासांत प्राण घेऊ शकतो. स्तन कठीण व तापलेला लागणे किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जाणे, हेही घरगुती उपायांच्या हद्दीबाहेरचे. तेथे तत्काळ पशुवैद्य गाठावा.

आता पिल्लू कोठीचा उंबरठा ओलांडू पाहते, आणि त्याला मागणी घालायला आळीतून माणसे येऊ लागली आहेत. आठ आठवडे पुरे होण्यापूर्वी ते कोणालाही देणार नाही, असे पत्नीने सर्वांस बजावले आहे. दूध पाजणारी मांजरी अंगावर पिल्लू असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, आणि बोका परसात फिरतोच आहे, म्हणून कोठीच्या खिडकीला जाळी ठोकून घेतली. दूध आटले की मनीची शस्त्रक्रिया करावयाची. पशुवैद्यांनी त्यासाठी गणपतीनंतरचा दिवस दिला आहे.