गुलाबाईचे माहेरपण

हा अंक आपल्या हाती पडेल, तेव्हा आमच्या जळगाव-धुळ्याकडची गुलाबाई सासरी परतलेली असेल. गुलाबाई म्हणजे पार्वती, आणि तिच्या शेजारी बसलेले गुलोजी म्हणजे साक्षात शंकर! भाद्रपद पौर्णिमेला ही मातीची जोडी पाटावर बसते आणि कोजागिरीला तिची पाठवणी होते.

महिनाभर रोज सायंकाळी गल्लीतल्या मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जातात, गाणी म्हणतात, आणि झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखतात. गाण्यांत देवीची स्तुती थोडी. सासू, नणंद आणि माहेरची ओढ यांचीच वर्णी अधिक. सुनेला जे उघड बोलता येत नसे, ते मुली गुलाबाईच्या नावाने खुशाल गाऊन टाकीत.

तेव्हा बाजारातून सुबक जोडी आणली आणि कपाटात मांडली, की गुलाबाई आली, असे समजू नये. मातीची मूर्ती पाण्यात विरते. पुढल्या वर्षी कुंभार नवी घडवितो. गाणे एकदा विरले, तर ते कोणी घडवावे? घरात आजी असेल, तर या दिवाळीच्या सुटीत तिच्याजवळ बसून चार गाणी वहीत उतरवून घ्या.