जो वाचला, त्याचाही हक्क



मैल्याच्या टाकीत उतरलेला कामगार मेला, म्हणजे पंचनामा होतो, वर्तमानपत्रात चार ओळी छापल्या जातात आणि कधीकाळी त्याच्या विधवेच्या हाती धनादेशही पडतो. परंतु त्याच टाकीतून ज्यास बेशुद्धावस्थेत वर काढले आणि जो दोन दिवसांनी शुद्धीवर येऊन घरी गेला, त्याचे नाव कोणत्या दप्तरात लिहिले जाते? पुढे त्याचे डोके दुखत राहते, हात कापतात, स्मरण राहत नाही, कामावर कोणी घेत नाही. लोक म्हणतात, नशीब बलवत्तर म्हणून वाचला. नशिबाची ही भाषा आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास टाकून दिली आहे. सबब, या वाचलेल्या माणसाचा हक्क कोणता, हाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम त्या वायूचे स्वरूप पाहू. बंद टाकीत मैला कुजून मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास असतो; पण त्याचे प्रमाण वाढले की तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणून धोका टळला असे वाटावे, आणि त्याच क्षणी माणसाने कोसळावे, असा तो घातकी आहे. पहिल्याला काढावयास उतरलेला दुसराही तेथेच पडतो. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्याच्या सोनपेठ तालुक्यात एका टाकीने असे पाच कामगार गिळले.

आता आपल्या नरडाण्याकडे पाहा. सुरत–भुसावळ लोहमार्ग, मुंबई–आग्रा महामार्ग आणि औद्योगिक वसाहत यांमुळे हे गाव वाढले. अशा वाढत्या गावांतून शाळा, वसतिगृह, दवाखाना, कचेरी उभी राहते. प्रत्येकीच्या मागील अंगास मैल्याची टाकी असते. ती भरली की बोलावणे कोणत्या वस्तीत जाते, हे वाचकांस सांगावयास नको. संस्था सर्वांची, टाकी मात्र एकाच समाजाची, ही वाटणी कोणत्या घटनेत लिहिली आहे?

कायदा या वाटणीच्या विरुद्ध आहे. हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा २०१३ चा केंद्रीय कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरला, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अंमलात आला. संरक्षक साधनांवाचून कोणासही गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरविणे हा त्याच्या ७ व्या कलमाने निषिद्ध प्रकार होय. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या प्रत्येक मृताच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश केला. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथे एका खाजगी गृहसंस्थेच्या टाकीत तिघे कामगार मेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा २०२१ मध्ये न्यायालयाने ही भरपाई शासनाकडून देवविली. जेथे टाकी खाजगी असूनही शासन सुटले नाही, तेथे शासनाच्याच शाळेची वा दवाखान्याची टाकी असता कंत्राटदाराकडे बोट दाखवून ते कसे सुटेल?

परंतु वाचलेल्यासाठी महत्त्वाचा निवाडा २० ऑक्टोबर २०२३ चा आहे. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली आणि जिवंत राहून अपंग झालेल्यांचाही हक्क मान्य केला. कायमचे व उपजीविका हिरावणारे अपंगत्व असेल तर किमान वीस लाख, अन्य अपंगत्वास किमान दहा लाख. हा आकडा आपल्या किती वस्त्यांत माहीत आहे?

कोणी विचारील, व्याधी अद्याप उघड झालीच नसेल तर? येथे परदेशातील एक उदाहरण बोधप्रद आहे. रेडॉन नावाचा वायू जमिनीतील युरेनियमपासून निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. खानदेशच्या काळ्या पाषाणात युरेनियम अल्प असल्याने आपणांस त्याची मोठी भीती नाही. परंतु अमेरिकेत कनेक्टिकट राज्याच्या गार्नर तुरुंगातील कैद्यांनी या वायूबद्दल अधिकाऱ्यांवर दावा लावला. आम्हांस याची कल्पना नव्हती, कायदा स्पष्ट नव्हता, हा अधिकाऱ्यांचा बचाव तेथील अपील न्यायालयाने २०२० मध्ये फेटाळून दावा पुढे चालू दिला. याचे मूळ १९९३ च्या एका निवाड्यात आहे. कैद्यास विषारी हवेत ठेवले असेल तर दाद मागण्यासाठी त्याने आजारी पडेपर्यंत थांबण्याचे कारण नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच ठरविले होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांस प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद किमान चाळीस वर्षे जपण्यास सांगितले; कारण त्या धुळीचा रोग उशिरा प्रकटतो. तत्त्व एकच: हक्क बाधा झाली त्या दिवशी जन्मतो, तिरडी बांधली जाते त्या दिवशी नव्हे.

मात्र न्यायालयात बोलतो तो कागद. म्हणून टाकीतून काढलेल्या माणसास आधी सरकारी दवाखान्यात न्या आणि केसपेपरवर वायूची बाधा, स्थळ व वेळ लिहून घ्या. पोलिसांत फिर्याद नोंदवून तिची प्रत घ्या. जिल्हाधिकाऱ्यांकडे भरपाईचा लेखी अर्ज करा व त्याची पोच जपा. काम कोणाच्या हुकुमाने झाले, कोणती साधने दिली, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. वकिलाच्या फीची भीती बाळगू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तीस १९८७ च्या कायद्याने उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, आणि धर्म बौद्ध लिहिल्याने हा हक्क जातो ही समजूत चुकीची आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना तो दर्जा आहे.

१९३७ साली बाबासाहेब एका दाव्याच्या कामासाठी धुळ्यास आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यातील त्यांच्या मुक्कामाची आठवण म्हणून आपले लोक दर ३१ जुलैला तेथे जमतात. या वर्षी तेथे जाल तेव्हा फुलांबरोबर एक यादीही न्या: आपल्या गावात टाकीतून जिवंत बाहेर आलेल्या माणसांची. ज्यांची नावे आजवर कोणत्याही दप्तरात चढली नाहीत, ती प्रथम आपल्या वहीत लिहा, मग अर्जावर. महाडला १९२७ मध्ये आपण पाण्यावरचा हक्क सांगितला. श्वासावरचा हक्क सांगावयास आता विलंब नको.