जुनीं एंजिनें व मद्यार्कमिश्रित पेट्रोल

जुन्या विलीज जीपविषयीं आमच्या बागाईतदार बांधवांत दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं तसलें एंजिन पुन्हां होणें नाहीं. दुसरा ती भंगारांत घालावयास निघालेला. आमच्या मतें दोन्ही पक्ष एंजिन उघडून पाहिल्याशिवाय बोलतात.

दुसऱ्या महायुद्धांत नांवारूपास आलेलें हें एंजिन चार सिलिंडरांचें, सुमारें २,२०० घनसेंटिमीटरचें व ६० अश्वशक्तीचें. त्याच्या झडपा माथ्यावर नसून सिलिंडरच्या बाजूस बसविलेल्या आहेत. त्यामुळें माथा म्हणजे केवळ एक झांकण! तें उचललें कीं पिस्टन व झडपा डोळ्यांपुढें येतात, आणि गांवचा मिस्त्रीसुद्धां काजळी खरवडून झडपा घासून देतो. झडपांची वेळ चुकली तरी त्या पिस्टनवर आपटत नाहींत. ऐन सुगींत हा गुण लहान नव्हे.

परंतु याच रचनेंत दोष आहे. ज्वलनाची जागा बाजूस पसरट राहत असल्यानें मिश्रण फार दाबतां येत नाहीं. दाबाचें प्रमाण जेमतेम साडेसहास एक. आजच्या मोटारींत तें बहुधा दहाच्या आसपास असतें. कमी दाब म्हणजे तितक्याच पेट्रोलांतून कमी काम. रोज लांबचा प्रवास करणाऱ्यानें हिच्या वाटेस जाऊं नये.

आतां उंसाचा प्रश्न. पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट सरकारनें २०२५ सालीं गांठलें. ऊंसवाल्यांस याचा आनंद वाटणें रास्तच. पण तोच मद्यार्क आपल्या जीपला बाधतो. दाब वाढविला तरी अवेळीं न पेटणें हा त्याचा मोठा गुण. जेथें दाबच नाहीं तेथें त्या गुणाचा उपयोग काय? उलट, लिटरमागें त्याची उष्णता पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश. नव्या मोटारी धुरांतील प्राणवायु मोजून इंधन वाढवितात. कार्ब्युरेटरचें छिद्र ठराविक, म्हणून मिश्रण विरळ होऊन एंजिन तापतें. जुन्या रबरी नळ्या फुगतात त्या निराळ्याच.

तेव्हां जीप मोडूं नये. मद्यार्क सोसणाऱ्या नळ्या व पडदे घालावे, जेट किंचित मोठें बसवावें आणि महिनोगणती उभ्या गाडीच्या टांकींत हें पेट्रोल ठेवूं नये, कारण तें ओलावा धरतें. शिवाय जुन्या वाहनांसाठीं कमी मद्यार्काचें पेट्रोल रास्त दरानें मिळावें, ही मागणी ऊंस लावणाऱ्यांनींच प्रथम करावी. इतरांनीं केली तर ती उंसाविरुद्ध समजली जाईल.