तबकडी, संग्रह आणि प्रतिभा

अमरावतीच्या अंबापेठेंत काय किंवा अकोल्याच्या जठारपेठेंत काय, जुन्या घराच्या माळ्यावर एक लांकडी पेटी बहुधा सांपडतेच. तिच्यांत पिवळ्या पडलेल्या कागदी पाकिटांतल्या काळ्या, जड, हातांतून निसटल्यास ठिकऱ्या होणाऱ्या तबकड्या असतात. आजोबांनीं त्या हौसेनें घेतल्या, वडिलांनीं जपल्या, आणि तिसऱ्या पिढीस त्यांचें काय करावें हें सुचत नाहीं. वाड्याच्या वाटण्या होतात, जागा नव्या इमारतीसाठीं जाते, आणि भांड्याकुंड्यांचा हिशेब चमच्यापर्यंत करणारीं माणसें ही पेटी मात्र भंगारवाल्यास वजनावर देऊन मोकळीं होतात. ‘सगळीं गाणीं आतां मोबाइलांत आहेत’ हें त्यावरचें ठरलेलें उत्तर. तें खरें किती आणि अपुरें किती, याचा विचार या वेळीं वाचकांसह करावा असें मनांत आहे. कारण त्याच्याच पोटांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे : प्रतिभा सांठवितां येते काय ?

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. ही तबकडी लाखेची. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्याची ती लाख. मेळघाटाकडे जातांना फाल्गुनांत जो पळस पेटलेला दिसतो, त्याच जातीच्या झाडावरचें हें द्रव्य दगडाच्या भुकटींत कालवून त्यावर गवयाचा कंठ कोरला जाई. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेडरिक गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तज्ज्ञ कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. गाणें संपतांच ती बाई इंग्रजींत आपलें नांव उच्चारी. हा गर्व नव्हे. तबकड्या तेव्हां जर्मनींतील हॅनोव्हर येथें तयार होत, आणि तेथील कारागिरास गाणारें कोण हें कळावें म्हणून ही युक्ति. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. ज्या रागास दीड घटका विस्तार हवा, त्यास ही एवढीशी ओंजळ !

पुष्कळ जुन्या गवयांना हा प्रकार रुचला नाहीं, आणि त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. समुद्र लोट्यांत भरा असें म्हटल्यासारखेंच तें होतें. परंतु मर्यादेचा एक गुणही असतो. श्लोकास वृत्ताचें बंधन असतें म्हणूनच त्यांतील एकेक अक्षर तोलून पडतें. खांसाहेब अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) यांची झिंझोटीची ठुमरी ऐकावी. तीन मिनिटांत त्यांनीं रागाचा पसारा मांडलाच नाहीं. त्यांनीं फक्त त्याची आर्तता तेवढी वेंचून पुढें ठेवली. गदगच्या एका अकरा वर्षांच्या मुलानें ती तबकडी ऐकली, आणि असें गाणें आपणांस आलेंच पाहिजे या ध्यासानें १९३३ सालीं त्यानें घर सोडलें. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तबकडीनें भीमसेनांस गाणें शिकविलें नाहीं. तिनें त्यांस गुरूच्या शोधाला लावलें. ग्वाल्हेर, रामपूर, जालंदर अशी वणवण करून ते शेवटीं खांसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या दारीं पोंचले, आणि पुढें जें घडलें तें रियाजानें घडलें. कुमार गंधर्वांचें (१९२४–१९९२) उदाहरण तर याहून बोलकें आहे. बेळगांव जिल्ह्यांतील हा बालक मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी व श्रोते थक्क होत. तेवढ्यावरच गाडी थांबती तर तो एक नवलाचा मुलगा म्हणून विसरला गेला असता. मुंबईस प्रो. बी. आर. देवधरांपाशीं बसून त्यानें शास्त्र पचविलें, क्षयानें अंथरुणास खिळला असतां देवासच्या मुक्कामांत माळव्याचीं लोकगीतें कानांत मुरविलीं, आणि मग जो कंठ फुटला तो कोणत्याही तबकडीवर पूर्वीं नव्हता. नक्कल ही स्मरणाची कमाल. प्रतिभा तिच्या पलीकडे सुरू होते.

मम्मटानें काव्यप्रकाशांत शक्ति, निपुणता आणि अभ्यास या तिहींचा उल्लेख केला, पण तीं काव्याचे ‘हेतू’ असें बहुवचन न वापरतां ‘हेतु’ असें एकवचनच योजिलें. शाळेंत हें शिकवितांना मुलांस ती व्याकरणाची बारीकी वाटे. गाणें ऐकतांना तिचा अर्थ उलगडतो. जन्मजात शक्ति, बहुश्रुतपणा आणि घांसून केलेला अभ्यास हीं तीन निरनिराळीं कारणें नव्हेत, तिन्ही मिळून एकच कारण होतें. तबकडी यांपैकीं बहुश्रुतपणा देऊं शकते. उरलेल्या दोहोंसाठीं तिच्याकडे हात पसरूं नये.

सातासमुद्रांपलीकडेही हाच न्याय दिसतो. अमेरिकेंत न्यू ऑर्लीन्स शहरीं काळ्या लोकांनीं जाझ नांवाचें संगीत घडविलें. आपल्या गाण्याप्रमाणेंच त्यांतही ठरलेल्या चालीवर आयत्या वेळीं सुचलेल्या विस्ताराला मान आहे. या संगीताची पहिली तबकडी १९१७ सालीं निघाली. लुई आर्मस्ट्राँग यानें १९२८ सालीं ‘वेस्ट एंड ब्लूज’ या तबकडीच्या आरंभीं एकट्या कर्ण्यावर जी तान घेतली, ती आजही त्या क्षेत्रांत आदर्श मानली जाते. तिलाही मिनिटें तीं तीनचारच होतीं. चार्ली पार्कर या तरुणानें १९३७ च्या उन्हाळ्यांत लेस्टर यंगच्या तबकड्या पुन्हा पुन्हा लावून त्यांतील स्वरन् स्वर मुखोद्गत केला, आणि कांहीं वर्षांतच स्वतःची अशी वाट काढली कीं जाझचें वळणच बदलून गेलें. तेथील संग्राहक एकाच धुनेचीं त्याचीं दोनदोन, तीनतीन मुद्रणें जिवापाड जपतात. एका दिवशीं, एका खोलींत, तीच धून. पण विस्तार प्रत्येक वेळीं निराळा. असलीं मुद्रणें एकापुढें एक ऐकणें म्हणजे प्रतिभा काम करतांना प्रत्यक्ष पाहणें होय.

हा प्रवाह आपल्या दारापर्यंतही आला. गोमंतकाचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, ज्यांना मुंबईनें ‘चिक चॉकलेट’ या नांवानें ओळखलें, ते आर्मस्ट्राँगच्या ढंगानें कर्णा वाजवीत. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्या ‘अलबेला’ (१९५१) ह्या बोलपटांत तो ढंग मराठी घराघरांत शिरला. ज्या आजीबाईंनीं ‘जाझ’ हा शब्दही ऐकला नसेल, त्यांनींही त्या गाण्यांवर बोटांनीं ठेका धरला असेल.

मग ज्यांची तबकडी नाहीं त्यांचें काय ? भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचें गाणें मुद्रित झालेलें नाहीं. ज्यांनीं तें ऐकलें ती पिढी संपली. न्यू ऑर्लीन्सच्या बडी बोल्डेनचीही हीच कथा. जाझचा मूळपुरुष म्हणून त्याचें नांव घेतात, पण त्याचा एक स्वरही आज ऐकावयास मिळत नाहीं. तरीही बुवा नाहींसे झाले असें म्हणवेल काय ? ‘स्वयंवर’ नाटकाच्या (१९१६) चाली त्यांच्या. बालगंधर्व व मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. बालगंधर्वांच्या तबकडींत एकादी हरकत अवचित वळते तेव्हां तिच्यामागें बुवांची तालीम उभी असते. पाऊस दिसला नाहीं तरी विहिरीचें पाणी पाहून तो किती पडला हें वऱ्हाडांतला शेतकरी सांगतोच ना, तसेंच हें.

आपल्या वऱ्हाडाचा या कथेंत वांटा थोडा नाहीं. मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी यांनीं गाइली, आणि १९३२ च्या सुमारास तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताच्या आरंभींच्या तबकड्यांत तिची गणना होते. कवीचा ‘शीळ’ हा संग्रह पुस्तकरूपानें आला तो १९५४ सालीं. म्हणजे वीस वर्षांवर ही कविता महाराष्ट्रानें आधीं कानांनीं वाचली ! वेदांस श्रुति म्हणणाऱ्या समाजास यांत अपूर्व वाटूं नये. पुढें हेच जोशी तबकड्यांच्या त्या कंपनींत अधिकारी झाले व त्यांनीं अनेक थोरांचे कंठ मुद्रित करविले. दुसरे मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३). योगायोग असा कीं त्यांचें आणि चार्ली पार्करचें जन्मवर्ष एकच. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्यापाशीं त्यांनीं धडे घेतले, पुढें लष्कराच्या हिशेब खात्यांत वर्षानुवर्षें नोकरी केली, आणि कोणत्याही एका घराण्याचा शिक्का न लावतां स्वतःचें गाणें उभें केलें. त्यांची तान कोठून निघेल आणि कोठें उतरेल याचा अंदाज बांधण्यांतच अर्धा आनंद असे. तबकडी दुसऱ्यांदा लावल्यावर तो अंदाज चुकत नाहीं, हें तबकडीचें उणें. आणि दहाव्यांदा लावल्यावर त्या वळणांतली सूक्ष्म जागा प्रथमच दिसते, ही तिची थोरवी.

आतां संग्राहकाविषयीं. भर्तृहरीनें धनाच्या ज्या तीन गति सांगितल्या, दान, भोग आणि नाश, त्याच तबकड्यांसही लागू आहेत. कुलूप लावून ठेवलेला संग्रह वऱ्हाडच्या उन्हानेंच वांकतो. मे महिन्यांत पत्र्याखालच्या माळ्यावर लाख मऊ पडते आणि तबकडी पापडासारखी होते. श्रावणांत बुरशी धरते तें वेगळेंच. म्हणून घरांत तबकड्या असतील तर त्या माळ्यावरून उतरवाव्या, आडव्या न रचतां उभ्या ठेवाव्या, मऊ कोरड्या फडक्यानें पुसाव्या, आणि स्पिरिट मात्र लावूं नये, कारण लाख त्यांत विरघळते. मधल्या कागदावरचें गायकाचें नांव, राग आणि क्रमांक वहींत उतरून घ्यावे. कोणी घेतली, कोठून घेतली, कोणत्या प्रसंगीं वाजली, हें घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून पुढें लिहावें. मोबाइलांत गाणें मिळतें, पण हें कोणीच लिहिलेलें नसतें. पुष्कळदां तेथें गायकाचें नांवही दुसऱ्याचेंच असतें. जपणें शक्य नसेल तर जाणत्यास द्यावें. मुंबईस १९९० सालीं अशा छांदिष्टांनीं ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापिली, आणि गांवोगांवीं असे छांदिष्ट असतातच. भंगाराच्या तराजूपेक्षां त्यांचे हात केव्हांही बरे.

परंतु दान आणि नाश यांच्यामध्यें भोग आहे, आणि तो सर्वांत सोपा असूनही सर्वांत दुर्मिळ झाला आहे. भोग म्हणजे ऐकणें. पूर्वीं तबकडी लावावयाची तर चावी द्यावी लागे, सुई बदलावी लागे, आणि तीन मिनिटें सर्व घर गप्प बसे. आज गाणें अखंड चालू असतें, आणि त्याच्यावरून संभाषणही. प्रतिभा तबकडींत सांठत नाहीं. सांठतो तो तिचा एक क्षण, आणि ऐकणारा कान लाभला तरच तो पुन्हा जागा होतो. येत्या रविवारीं संध्याकाळीं घरांतलीं चार माणसें एकत्र बसवावीं, यंत्र कोणतेंही असो, खांसाहेबांची ती तीन मिनिटें लावावीं, आणि तोंवर कोणीं बोलूं नये. मुलांस कांहीं समजावून सांगण्याची गरज नाहीं. गदगच्या त्या मुलासही कोणीं कांहीं सांगितलें नव्हतें.